वरमाईचा पेला

त्या साडेतीन हजारांच्या मालात त्र्यंबकशेठ रासन्यांना साडेचारशे रुपये सुटणार होते. हा आकडा त्यांनी मला सांगितला नव्हता. पण स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्याचा एजंट म्हणून मी तेव्हा सातारा-सांगली पालथी घालत होतो, आणि कुठल्या दुकानदाराचं कसं चाललंय हे मला त्याच्या चहावरून कळायचं. अर्धा कप आला की मंदी. भरून आला की सीझन. बरोबर खारी आली की समजावं, आज उधारीची मुदत वाढवून मागणार. त्या दिवशी कप भरून आला होता आणि खारी नव्हती, म्हणजे कराडच्या भांडी बाजारात सगळं ठीक होतं.

शिवाय साडेचारशे हा वरवरचा हिशोब. लग्नाची भांडी ज्या दुकानातून जातात, त्या दुकानाला ते घर जन्माचं लागतं. पुढं बारसं येतं, वास्तुशांत येते, नणंदेचं लग्न येतं, आणि जुनी मोड घालायलाही माणूस त्याच पायऱ्या चढतो. म्हणून लग्नाचं गिऱ्हाईक आलं की त्र्यंबकशेठ गल्ल्यावरून उठून पुढं बसत. माझ्यासारख्या एजंटाला मात्र मागच्या पत्र्याच्या ट्रंकेवर जागा. तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामाची ऑर्डर घेतल्याशिवाय मी हलणार नव्हतो आणि गिऱ्हाईक गेल्याशिवाय शेठ ऑर्डर देणार नव्हते, तेव्हा मी नमुन्यांची पिशवी मांडीशी घेऊन तमाशा बघत बसलो.

गिऱ्हाईक तिघांचं होतं. पैसे देणारे संपतराव जगदाळे. मसूरला त्यांची पिठाची गिरणी. अंगावर इस्त्रीचा सदरा होता, पण कानातले केस अजून पांढरे होते, ते वयानं नव्हे. दुसरी त्यांची मुलगी, जिचं लग्न होतं. आणि तिसऱ्या विहीणबाई, उंब्रजच्या मोहित्यांच्या विमलबाई. म्हणजे पैसे देणारा एक, वापरणारी दुसरी आणि पसंत करणारी तिसरी. लग्नाच्या खरेदीत ही वाटणी सगळीकडं असतेच.

पसंतीचं काम विमलबाईंनी मन लावून केलं. प्रत्येक पातेलं त्या बोटानं वाजवत, कानाशी नेत, मग उजेडाकडं धरत. एक परात तीनदा खाली ठेवून चौथ्यांदा घेतली.

"ताई, परात आहे, जावई नाही," शेठ म्हणाले. "इतकं बघू नका."

"जावयाला परत करता येत न्हाई, म्हनून त्येला कमी बगत्यात," विमलबाई म्हणाल्या. "परातीचं तसं न्हाई. दर लावा नीट."

दर नीट लागला. शेठनी नेहमीसारखी शपथ घेतली की यात मला काही उरत नाही, आणि संपतरावांनी नेहमीसारखा विश्वास ठेवला नाही. ऐंशी नग झाले. डबे, ताटं, वाट्या, तांबे, पातेली, कळशी. दुकानाच्या मधोमध उतरंड लागली.

"वैशाली, त्यो तांब्या हिकडं दे बरं," विमलबाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही.

"वैशाली, म्हनलं तांब्या दे."

मुलीनं मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं. मागं वैशाली म्हणावी अशी कुणी नव्हती. मी होतो आणि भिंतीवर किसण्या टांगल्या होत्या.

"अगं तुलाच म्हनतीया," विमलबाई म्हणाल्या.

"माझं नाव चांगुणा हाय, आत्याबाई."

"हाय ते ठावं हाय. लग्नात नाव बदलनार की न्हाई? वैशाली ठरलंय. प्रतापलाबी आवडलंय."

तांब्या मुलीच्या हातात होता. तिनं तो दिला नाही. दुकानाच्या पायरीवर बाबालाल मुलाणी मशीन घेऊन बसलेले होते. भांड्यांवर नावं घालायचं काम त्यांचं. अक्षराला दहा पैसे, काना-मात्रा फुकट. चष्मा कपाळावरून खाली घेत त्यांनी विचारलं, "हां, सांगा, काय नाव घालायचं?"

"लिवा," विमलबाई म्हणाल्या. "सौभाग्यवती वैशाली प्रतापराव मोहिते."

"सौभाग्यवती सगळं, का नुसतं सौ?"

"सौ पुरं."

बाबालालनी बोटांवर मोजलं. "सौ एक, वैशाली तीन, प्रतापराव पाच, मोहिते तीन. बारा. आणा पयलं भांडं."

पहिलं भांडं म्हणजे तो तांब्याच. बाबालालचा हात पुढं आला तसा चांगुणानं तांब्या आणखी जवळ घेतला. बोलली ती बापाशी, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"दादा, मला त्या नावानं हाक मारली तर कळायचंच न्हाई. आत्ता कळलं का?"

"सवं लागंल गं," संपतराव हळू आवाजात म्हणाले.

"बालवाडीतली पोरं मला चांगुणाबाई म्हनत्यात. लग्नानंतर मी उंब्रजच्या बालवाडीत जानार हाय, तितं काय सांगू? मला एवढं एकच पायजे, दादा. साडी कसली आनली, मी इचारलं न्हाई. हॉल कुठला, इचारलं न्हाई."

विमलबाईंनी पदर खांद्यावर ओढला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर संपतरावांना बरं वाटलं असतं.

"पाव्हणं, आमच्या घरात सुनंचं नाव बदलत्यात. ही रीत माज्यापासनं न्हाई, माज्या आधीपासनं हाय. पत्रिकेत ह्येच नाव छापलंय. तुमास्नी जड जात असंल तर सांगा. अजून हळद लागायची हाय."

हे शेवटचं वाक्य दुकानात जिथं पडलं तिथंच राहिलं. समोरच्या भांड्यांच्या दुकानाचा मालक फडकं हातात घेऊन उगाच दाराशी आला. त्याला ऐकू काही गेलं नसणार, पण लग्नाचं गिऱ्हाईक दुकानात गप्प उभं राहिलं की बाजारात सगळ्यांना कळतं.

विमलबाईंनाही तो दिसला. "न्हाईतर तितं जाऊन नाव घालून घेऊ," त्या म्हणाल्या. "नाव घालनारं काय एकच दुकान हाय व्हय?"

"चांगे, दे तो तांब्या," संपतराव म्हणाले. गिरणीवाल्याचा आवाज मोठा असतो, जात्याच्या घरघरीत बोलावं लागतं म्हणून. त्यांचा तेव्हा अगदी बारीक झाला होता.

मी शेठकडं पाहिलं. दुकानदारानं इथं काय करायचं हे मला पाठ होतं. वरमाईला म्हणायचं, वा, काय नाव काढलंत. मुलीला म्हणायचं, नशीबवान आहेस. तांब्या हळूच काढून घ्यायचा आणि मशीन सुरू करायला सांगायचं. मशीनच्या घुर्र आवाजात रडू ऐकू येत नाही. साडेचारशे खिशात.

त्र्यंबकशेठनी यातलं काही केलं नाही. त्यांनी चहा सांगितला. आणि म्हणाले, "बाबालाल, थांब जरा. एक राहिलंच. ताई, तुम्ही काय घेतलंत?"

"मी?" विमलबाई म्हणाल्या. "मी काय घेऊ? घेनारं ते, आमी बगनारं."

"असं कसं? आमच्या दुकानाची पद्धत आहे. लग्नाची भांडी घेतली की वरमाईला एक भांडं दुकानाकडनं. तिच्या एकटीचं."

मी त्या दुकानात अकरा वर्षं येत होतो. अशी पद्धत तिथं नव्हती. रुपयाची सूट मागितली तर पंचवीस पैशांचा चमचा देणारं ते दुकान. मला वाटलं, शेठ आता जुन्या मालातलं, पोचा आलेलं काहीतरी काढणार. शेठ उठले, माझ्यापाशी आले आणि माझ्या पिशवीत हात घातला.

"शेठ, तो नमुना आहे," मी म्हणालो.

"नमुना दाखवायलाच असतो ना?" ते म्हणाले, आणि आमच्या कारखान्याचा नवा जाड बुडाचा पेला घेऊन गेले. तो महिना मी त्या पेल्यावर काढणार होतो.

विमलबाईंनी पेला वाजवला, कानाशी नेला, उजेडात धरला. फुकटच्या भांड्यालाही त्यांनी सूट दिली नाही.

"बरा हाय," त्या म्हणाल्या.

"नाव काय घालायचं?"

"घाला की. विमल."

"हे नाव कुठलं?"

"कुठलं म्हंजी? माजं."

"तसं नाही. माहेरचं का सासरचं?"

"सासरचं."

"मग ते नको," शेठ म्हणाले. "सासरचं नाव सासरच्या भांड्यावर. हे माझ्याकडनं आहे. तुमचं माहेर कुठलं?"

"ओगलेवाडी."

"म्हणजे कराडच की. मग मी तुमच्या माहेरचा माणूस झालो. माहेरच्या माणसानं दिलेल्या भांड्यावर माहेरचं नाव असायचं. काय नाव होतं?"

विमलबाई परातींकडं बघायला लागल्या. "आता कशाला ते. कोन हाक मारतंय त्या नावानं."

"हाक मारायला नाही. घालायला पाहिजे."

"मला आटवत न्हाई."

घटकेपूर्वी याच बाईंनी स्वतःच्या लग्नातल्या पितळेचा शेराचा भाव आणे-पैशांसकट सांगितला होता. संपतराव जमिनीकडं बघत होते. चांगुणा मात्र पहिल्यांदाच सासूकडं नीट बघत होती. चहा आला. कुणी घेतला नाही. मी घेतला.

"हौसा," विमलबाई म्हणाल्या.

"काय?"

"हौसा. तीन भावांच्या पाठीवर झाले म्हनून. थोरला भाऊ होता तवर म्हनायचा. त्यो गेल्यावर कोन न्हाई."

"दोन अक्षरं," बाबालाल म्हणाले आणि चष्मा खाली घेऊन त्यांनी मशीन सुरू केलं.

दोन अक्षरांना कितीसा वेळ लागतो? त्या वाकून बघत राहिल्या. बाबालालनी पेला फडक्यानं पुसून दिला. विमलबाईंनी तो परत पदरानं पुसला, मग लांब धरला, मग जवळ घेतला. वाचायला त्यांना येत होतं, पण बेताचं. बोट अक्षरावरून फिरलं.

"सा ला काना दिलाय न्हवं?"

"दिलाय की. फुकट असतोय."

"बरं." पेला मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "ह्ये लिवलेलं पयल्यांदाच बगतीया. हाक मारायचे, पर लिवलं कुनी नव्हतं. शाळंत दाखल्यावर काय होतं कुनास ठावं, दोन म्हैनं तर गेले."

शेठनी भांड्यांच्या उतरंडीवरचं एक ताट उगाच सरळ केलं. मला वाटलं, आता ते संधी साधून सुनेचा विषय काढणार, दोन शब्द उपदेशाचे. त्यांनी काढला नाही. ते नुसते बसून राहिले, दुकानात दुसरं काही कामच नसल्यासारखे.

शेवटी बाबालाललाच धीर धरवेना. त्यांचं सगळं उत्पन्न अक्षरात अडकलं होतं. "मग ह्यांच्यावर काय घालू?" त्यांनी ऐंशी नगांकडं हात केला.

विमलबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. "अक्षराला किती घेतोस म्हनलास?"

"धा पैसं."

"आन् अक्षरं बारा. म्हंजी भांड्याला रुपाया वीस." त्यांचे ओठ हलत राहिले. "ऐंशी भांडी. शंभराला चार कमी."

"शहाण्णव," मी म्हणालो. मला राहवत नाही.

"शहाण्णव रुपये नुसत्या नावाला? पाव्हणं, पैसं वर आल्यात का तुमच्या गिरनीत?" त्या संपतरावांवर एकदम उखडल्या. इतका वेळ बारा अक्षरं त्याच सांगत होत्या याची त्यांना आठवण राहिली नाही. "काय नको. नुसतं मोहिते घाल. चोरीला गेलं तर वळखायला तेवढं बास."

"आणि ह्या पोरीचं नाव?" बाबालाल म्हणाले.

"तिला घालायचं असंल तवा ती घालंल. तुजं मशीन कुठं पळून चाललंय?"

संपतरावांनी घसा साफ केला. "पर पत्रिकेत ते वैशाली छापलंय म्हनलात..."

"छापायला टाकलीया म्हनलं," विमलबाई म्हणाल्या. "छापली न्हाई अजून. उद्या प्रताप जानार हाय तिकडं."

त्यांनी पेला पिशवीत टाकला, परत काढला, रुमालात गुंडाळून मग ठेवला आणि उठल्या.

"चांगुणा," त्या म्हणाल्या. "ती लहान पिशवी उचल. मोठी पाव्हणं उचलत्याल."

मुलगी पहिल्या हाकेला उठली. तांब्या तिनं स्वतःच बाबालालच्या हातात दिला.

पुढचा तास मोहिते, मोहिते, मोहिते यात गेला. ऐंशी वेळा तीच तीन अक्षरं. संपतरावांनी नोटा मोजल्या, त्यांचा आवाज हळूहळू गिरणीच्या पट्टीत परत आला. टेम्पो आला, पोती भरली. बाप-लेक टेम्पोपाशी गेले. विमलबाई पायरी उतरल्या आणि परत आल्या. बाबालालशी वाकून काहीतरी बोलल्या. टेम्पोच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग गेल्या.

"शेठ," मी म्हणालो, "ही वरमाईच्या भांड्याची पद्धत कधीपासनं?"

"आजपासनं."

"आणि पेला माझा?"

"मग कुणाचा? माझा एक पेला विकून मला सव्वा रुपया सुटतो. फुकट द्यायला परवडत नाही. तुमचा कारखाना मोठा आहे."

"समजा, त्या हौसा म्हणाल्याच नसत्या तर? पेला घेऊन चालल्या असत्या समोर?"

"तर गेल्या असत्या," शेठ म्हणाले. "पेला घेऊन गेल्या असत्या. समोरच्या दुकानात माझ्या दुकानचा पेला हातात घेऊन बसल्या असत्या. ती पण जाहिरातच."

"म्हणजे तुम्ही हे पुढच्या गिऱ्हाइकीसाठी केलंत."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सांगावं की नाही असं पाहिलं, आणि सांगितलं नाही. "एजंट, पैसे बाप देतो. पण पुढची तीस वर्षं कुठल्या दुकानात जायचं ते सासू ठरवते," ते म्हणाले. "एवढं लिहून घ्या. आणि त्या पेल्याची सहा डझन ऑर्डर लिहा. पद्धत सुरू केलीय म्हटल्यावर चालवायला लागणार."

मी सहा डझन लिहिले. दर घासून घेतला त्यांनी, तो भाग वेगळा. खरं सांगायचं तर हा माणूस धूर्त होता की दानशूर, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढं त्यांच्या दुकानात इतकी वर्षं गेलो तरी कळलं नाही. दिवाळीपर्यंत समोरच्या दुकानानंही वरमाईला पेला द्यायला सुरुवात केली होती, पण ते त्यावर दुकानाचं नाव घालत.

बाबालाल आवराआवर करत होते. कुरकुरत होते. "शेठ, तुम्ही धर्म केला आन् अक्षरं माझी गेली. शहाण्णवाचं चोवीसवर आलं."

"लग्नसराई आहे. भरून निघेल."

"काय भरतंय. आमच्या नशिबात समदी आडनावंच."

"त्या बाई काय म्हणाल्या हो तुम्हाला, जाताना?" मी विचारलं.

बाबालालनी मूठ उघडली. तळहातावर वीस पैशांचं नाणं होतं, षटकोनी, हलकं. "म्हनल्या, पेला दुकानानं दिला, त्यो घेतला. नाव माजं हाय, त्येचं पैसं मी देनार. मी नको म्हनलं. ऐकंनात."

शेठनी नाण्याकडं पाहिलं आणि गल्ल्याकडं वळले. मी माझा हिशोब मांडला, सवयीनं.

भांड्यांचे साडेतीन हजार आणि आडनावाचे चोवीस संपतराव जगदाळ्यांनी भरले. बहात्तर रुपयांची अक्षरं बाबालालची बुडाली. चहा त्र्यंबकशेठांचा. पेल्याचे नऊ रुपये कारखान्यानं पुढच्या महिन्यात माझ्या पगारातून कापले. चांगुणाला तिचं नाव राखायला काही पडलं नाही. हौसाचे वीस पैसे तेवढे विहीणबाईंनी दिले, रोख.